वाटाण्याचा वेल आणि सव्वादोन लाखांची फी

बँकेतून निवृत्त होऊन पाच वर्षे झाली, तरी आमच्या सोसायटीत मी अजून ‘बँकवाले काका’च आहे. मध्यंतरी चार कादंबऱ्या लिहून झाल्या, पण त्याचे कुणाला फारसे कौतुक नाही. कर्जाचा अर्ज भरायचा असला, मुदत ठेव मोडावी की राहू द्यावी असा पेच पडला, की मंडळींची पावले आपोआप आमच्या दाराकडे वळतात. गेल्या जूनमधल्या एका रविवारी सकाळी असेच खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. अंबडच्या कारखान्यात ते फिटर आहेत. हातात गुळगुळीत कागदाचे रंगीत माहितीपत्रक होते आणि मागे, चपला काढाव्यात की नाही अशा विचारात दाराशीच घुटमळणारी, नुकतीच बारावी झालेली त्यांची मुलगी.

“काका, एवढ्याला कर्ज मिळेल का बघा. नाहीतर ठेव मोडतो. शनिवारपर्यंत भरले तर दहा टक्के सवलत आहे म्हणतात.”

मी चष्मा लावून पत्रक वाचले. अॅनिमेशनचा पदविका अभ्यासक्रम, मुदत दोन वर्षे, फी सव्वादोन लाख रुपये. आत उड्या मारणारे ससे, उडणारे राक्षस आणि ‘शंभर टक्के नोकरीची संधी’ हे ठळक अक्षरांतले शब्द. ‘संधी’ हा शब्द मी दोनदा वाचला. चाळीस वर्षे कर्जाची कागदपत्रे वाचल्यावर माणसाला कोणत्या शब्दावर बोट ठेवायचे ते कळते. नोकरी वेगळी आणि नोकरीची संधी वेगळी.

शैक्षणिक कर्जाची जी आदर्श योजना आपल्या बँका २००१ सालापासून राबवतात, तिच्यात ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत हे खरे. पण अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचा असावा लागतो, आणि या पत्रकावर तशी मान्यता कुठेच दिसेना. म्हणजे उरले वैयक्तिक कर्ज. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून दिला. सव्वादोन लाख, दर साल दर शेकडा १४ टक्के, मुदत तीन वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ७,६९० रुपये, आणि फेड पुरी होईपर्यंत जाणारी रक्कम जवळजवळ २ लाख ७७ हजार. गृहस्थांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

एरवी मी कागद देऊन मोकळा झालो असतो. पण त्या दिवशी मला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती काही केल्या जाईना. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या शाखेत असताना असाच एक बाप असाच एक मुलगा घेऊन आला होता. संगणकावर चित्रे हलवायला शिकायचे होते. मुलाच्या डोळ्यांत चमक होती, कागदपत्रे नीट होती, मी शिफारस केली. आठ महिन्यांनी ती शिकवणारी संस्था कुलूप लावून निघून गेली. कर्ज मात्र कुलूप लावून जात नाही. बापाने भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन हप्ते फेडले. शेवटचा हप्ता भरायला आला तेव्हा त्याने माझ्याकडे तक्रारीचा एक शब्द काढला नाही, उलट “साहेब, खाते बंद केल्याचा दाखला द्या” एवढेच म्हणाला. तो दाखला मी स्वतःच्या हाताने टाइप केला. नियमांप्रमाणे माझी काहीच चूक नव्हती. तरी तो दाखला मला अजून दिसतो.

म्हणून मी त्या मुलीला विचारले, “तुला यातले काय येते?”

ती पळत खाली गेली आणि भौतिकशास्त्राची वही घेऊन आली. वहीच्या उजव्या कोपऱ्यात, पानापानावर, एक मांजर. अंगठ्याखालून पाने सोडली की ते मांजर भिंतीवर बसून शेपटी हलवते, खाली बघते आणि उडी मारते. मी तीन वेळा पाने फडफडवली. कॅशियर नोटांचे बंडल फडफडवतो ना, तसेच. उडी काहीशी धक्क्याची होती, पण उडीच होती.

“आजोबा, उडी मारताना ती दगडासारखी पडते. का पडते ते कळत नाही,” ती म्हणाली.

मी त्या गृहस्थांना सांगितले, “शनिवार जाऊ द्या. सवलत पुन्हा मिळते. मला पंधरा दिवस द्या.”

आता मला चित्रकलेतले ओ की ठो कळत नाही. पण कर्ज मंजूर करण्यापूर्वी धंद्याची चौकशी करायची सवय आहे, तशी चौकशी सुरू केली. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा मुंबईला गोरेगावच्या स्टुडिओत हेच काम करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, सॉफ्टवेअर तीन महिन्यांत येतं. चेंडू नीट उसळवायला वर्ष लागतं. आणि चेंडू उसळवायला शिकायचे पैसे पडत नाहीत.”

त्याचे हे वाक्य डोक्यात घोळत असताना मला आपल्या नाशिकच्याच एका माणसाची आठवण झाली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे ते दादासाहेब फाळके. जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सगळे ओळखतात, ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला हेही शाळेतली मुले सांगतात. पण त्याआधीचा एक प्रसंग माझ्यासारख्या बँकवाल्याला फार मोलाचा वाटतो.

चित्रपट काढायचा म्हणजे भांडवल हवे, आणि त्या काळी या धंद्याला कर्ज कोण देणार? फाळके जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते, छायाचित्रण आणि छपाई जाणत होते, पण सिनेमा शिकवणारी शाळा देशात नव्हती. एक पुस्तक आणि विलायतेहून येणारे ‘बायोस्कोप’ नावाचे साप्ताहिक, एवढी त्यांची शाळा. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, काही आठवड्यांत पाहायचे ते पाहून घेतले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला आणि परत आले. भांडवलदार तरीही तयार होईनात. तेव्हा फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर रोवला. आणि महिन्याहून अधिक काळ, जागच्या जागी, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. अंकुर फुटला, पाने उलगडली, वेल चढला. सगळ्या चौकटी एकामागून एक पडद्यावर धावल्या तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाटाण्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रफितीचे नाव. ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि त्यातल्या काहींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

मी आयुष्यात शेकडो प्रकल्प अहवाल वाचले. मूठभर वाटाण्यांचा हा अहवाल त्या सगळ्यांहून सरस. आणि मौज अशी की एकेक चौकट टिपून निर्जीव चित्राला चालवायचे, हेच तर अॅनिमेशनचे मूळ. फाळक्यांनी पुढे आगकाड्यांच्या आकृत्या चालवणारी ‘आगकाड्यांची मौज’ ही छोटी फिल्मही काढली. म्हणजे ही विद्या आपल्याकडे महागड्या वर्गांतून आलेली नाही. ती कुंडी, वाटाणा आणि चिकाटी यांतून आलेली आहे.

तिचे रीतसर शिक्षण आपल्याकडे कसे आले तेही ऐकण्यासारखे आहे. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत व्यंगपटांचा विभाग काढला आणि डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ शिकवायला आले. मूठभर तरुण त्यांच्याभोवती बसून हाताने चित्रे काढायला शिकले. त्यांत रसायनशास्त्राचे पदवीधर राम मोहन होते. पुढे भारतीय अॅनिमेशनचे पितामह म्हणून तेच ओळखले गेले. जातककथेवरची ‘द बनियन डिअर’ ही फिल्म १९५७ साली याच मंडळींनी केली. माझ्या पिढीने दूरदर्शनवर असंख्य वेळा पाहिलेली ‘एक अनेक और एकता’ १९७४ सालची. तिचे अॅनिमेशन करणारे भीमसेन फिल्म्स डिव्हिजनमधूनच आलेले. त्या काळी असा गुरू लाभायला मुंबईत असावे लागे, सरकारी नोकरी लागे आणि नशीबही लागे.

आज तसे नाही, हे मला चौकशीत कळले आणि मी चाट पडलो.

आधी ही मूलतत्त्वे म्हणजे काय ते सांगतो, कारण पत्रकात ‘मूलतत्त्वे’ असा शब्द होता आणि त्याखाली नुसती सॉफ्टवेअरची नावे होती. डिस्नेचे दोन जुने कलावंत, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ साली ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात बारा तत्त्वे मांडली. जगभर आजही तीच शिकवतात. त्यांतले एकही तत्त्व संगणकाचे नाही, सगळी डोळ्यांची आहेत. चेंडू जमिनीवर आपटला की क्षणभर चपटा होतो, सुटला की लांबट होतो. वर जाताना त्याचा वेग मंदावतो, म्हणून शिखराजवळ त्याची चित्रे दाटीने काढायची आणि जमिनीजवळ लांब लांब. सेकंदाला चोवीस चौकटी असतात. त्या चोवीस चौकटींत चेंडू कुठे रेंगाळला आणि कुठे सुटला, यावर तो रबरी की लोखंडी हे बघणाऱ्याला कळते. त्या मुलीचे मांजर दगडासारखे का पडत होते, याचे उत्तर इथेच होते. तिने उडीची सगळी चित्रे सारख्या अंतरावर काढली होती.

दुसरे तत्त्व पूर्वतयारीचे. विटीदांडू खेळणारा पोरगा टोला हाणण्यापूर्वी दांडू मागे नेतो. हंडा उचलणारी बाई आधी गुडघ्यात वाकते. रामकुंडाच्या पायऱ्यांवरून उडी टाकणारी पोरे आधी अंग आखडून घेतात, हात मागे नेतात, मग झेपावतात. ती आखडण्याची चित्रे गाळली तर उडी खोटी वाटते. मी त्या मुलीला म्हटले, “वर्ग शोधतेस ना? तो गोदाघाटावर रोज सकाळी भरतो. वही घेऊन जा.” ती खरेच गेली. आठवडाभराने तिच्या वहीत उड्या मारणारी पोरे होती, एकदम उठणारा कबुतरांचा थवा होता आणि ओले लुगडे पिळणारी एक आजी होती.

आता खर्चाची बाजू, कारण घरोघरी अशी मुले आहेत आणि अशी पत्रके घरोघरी येतात.

कागदावरचे शिक्षण जवळजवळ फुकट. एकावर एक कागद ठेवून मागचे चित्र दिसावे म्हणून प्रकाशाची चौकट लागते. आम्ही ती जुन्या खिडकीची काच दोन विटांवर ठेवून खाली दिवा लावून केली. कागद सरकू नयेत म्हणून स्टुडिओत खास खुंट्यांची पट्टी असते. मी माझे बँकेच्या काळातले पंचिंग मशीन काढून दिले आणि लाकडी पट्टीवर त्या भोकांच्या मापाच्या दोन खुंट्या तिच्या वडिलांनी बसवल्या. फिटरच्या हातची गोष्ट, केसाइतकाही फरक नाही. कागदाचे रीम आणि पेन्सिली मेनरोडवरून आणल्या. काढलेली चित्रे मोबाइलने एकेक टिपायची आणि जोडायची. त्यासाठीची साधी साधने फोनवर फुकट मिळतात. कणकेचे गोळे, आगकाड्या, बांगड्या यांनाही याच रीतीने चालवता येते. फाळक्यांचाच वसा.

संगणकाचे म्हणाल तर ‘ब्लेंडर’ नावाचे सॉफ्टवेअर आहे. मूळची हॉलंडमधली कंपनी बुडाली तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी २००२ साली सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ते सोडवून घेतले आणि सर्वांना मोफत केले. बुडीत खात्यातून असे सोने निघालेले मी तरी पाहिले नाही. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लाटव्हियाचा चित्रपट याच मोफत सॉफ्टवेअरवर झाला. त्याची नायिका की नायक, एक मांजर आहे, हे ऐकून आमच्या चित्रकर्तीचे डोळे मोठे झाले. हाताने काढायची आवड असेल तर ‘क्रिटा’ आहे, ‘पेन्सिल टूडी’ आहे, आणि जपानच्या प्रसिद्ध जिब्ली स्टुडिओत वापरल्या गेलेल्या ‘टून्झ’ची २०१६ साली खुली झालेली आवृत्ती ‘ओपनटून्झ’ आहे. पैकी पेन्सिल टूडी अगदी साध्या संगणकावरही चालते. ब्लेंडरला मात्र बरा संगणक लागतो, निदान ८ जीबी मेमरीचा. सुरुवातीला त्याच्या मागे लागू नये.

शिकवणारेही आहेत. खान अकादमीने पिक्सार स्टुडिओच्या मंडळींकडून २०१५ पासून ‘पिक्सार इन अ बॉक्स’ नावाचे पाठ मोफत ठेवले आहेत. उसळणारा चेंडू तिथेही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात ब्लेंडरचे पाठ आहेत, आणि त्या प्रकल्पाचा हेतूच मुळी इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे असा आहे. त्याच आयआयटीच्या डिझाइन विभागाने ‘डी-सोर्स’वर आरेखनाचे आणि अॅनिमेशनचे पाठ विनामूल्य दिले आहेत. आणि एखादेच पुस्तक घ्यायचे तर रिचर्ड विल्यम्स यांचे, २००१ साली निघालेले ‘द अॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’. स्वस्त नाही, पण वर्गाच्या एका महिन्याच्या हप्त्यात ते येऊन वर बरेच पैसे उरतात. दोघीतिघींनी मिळून घ्यावे.

एवढे सगळे फुकट आहे, मग वर्गांची गरजच काय, असे कुणी म्हणेल. तसे मी म्हणणार नाही. फुकटात तीन गोष्टी मिळत नाहीत. वेळेचे बंधन, सोबत, आणि चूक दाखवणारा माणूस. पडद्यावरचा मास्तर छान शिकवतो, पण तुमची वही बघत नाही. दुसऱ्या महिन्यात मुलीने चालणारा माणूस काढला. आम्हा सगळ्यांना तो उत्तम वाटला. गोरेगावच्या मुलाला पाठवला तर त्याचे एका ओळीचे उत्तर आले, “पाय घसरतोय.” जमिनीवर टेकलेले पाऊल खरोखरच बर्फावरून सरकल्यासारखे सरकत होते. ती रडकुंडीला आली, दोन दिवस वहीला हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बसली. हा एक ओळीचा शेरा हेच खरे शिक्षण. ते ज्याला घरबसल्या मिळत नाही त्याने त्यासाठी पैसे मोजावेत. पण मग पत्रकातले ससे न बघता एवढेच विचारावे: माझ्या मुलीचे काम रोज कोण बघणार, त्याने स्वतः काय काम केले आहे, आणि मागच्या वर्षीच्या मुलांची कामे दाखवता का? जो दाखवायला का-कू करील, त्याच्याकडे ठेव मोडून जाऊ नये.

तिच्या वडिलांचा एक प्रश्न मात्र अवघड होता. “काका, हे सगळं आता यंत्रच करणार म्हणतात. मग पोरीने शिकावं कशाला?” खोटे आश्वासन देण्याचे माझे वय गेले. मी म्हटले, “बँकेत संगणक आला तेव्हा आम्हीही हेच विचारत होतो. काही कामे गेली, हे खरे आहे. पण ज्याला जमा-नावे कळत होते त्याला संगणकाची चूक सापडत होती, ज्याला कळत नव्हते तो छापून आलेल्या आकड्याला नमस्कार करीत होता.” यंत्राने काढलेल्या माणसाचा पाय घसरतोय हे ज्याला दिसते त्याची गरज राहील, असे मला वाटते. खात्री मी देऊ शकत नाही, आणि खात्री देणाऱ्या पत्रकावर विश्वासही ठेवू शकत नाही.

आम्ही एक करार केला. अट एवढीच, सहा महिने, रोज दोन तास, बिनखर्चाचे शिक्षण. चेंडू, लंबक, पिठाचे पोते, चालणारा माणूस, या क्रमाने. कंटाळली तर कुणाचेच काही बुडाले नाही. टिकली तर जी काही शिल्लक आहे ती तिच्या वडिलांनी बिनधास्त तिच्यावर लावावी. कर्ज देण्याआधी आम्ही धंद्याची उलाढाल बघतो, तसेच हे. दरम्यान तिने इथल्या महाविद्यालयात पदवीसाठी नाव घातले, आणि अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था व आयआयटीचा डिझाइन अभ्यासक्रम यांच्या प्रवेशपरीक्षांची माहितीही काढली. त्या परीक्षांत सॉफ्टवेअर विचारीत नाहीत, निरीक्षण आणि हातची रेघ बघतात. घाटावरच्या सकाळी तिथेही कामाला येतील.

सहा महिने डिसेंबरात पुरे झाले. शेवटच्या रविवारी ती दोघे वर आली. तिने वडिलांच्या फोनवर बावीस सेकंदांची फिल्म लावली. एक फिटर कामावरून घरी येतो, डबा ठेवतो, बूट काढतो, आणि खुर्चीत बसण्यापूर्वी क्षणभर कमरेवर हात ठेवून थांबतो. एवढेच. बसताना खुर्ची किंचित दबते.

गृहस्थ ते दोनदा बघून म्हणाले, “मी असा बसतो?”

“रोज,” ती म्हणाली.

ठेव अजून मोडलेली नाही. पाय अजून थोडा घसरतो. आमच्या घरची विटांवरची काच मात्र मी उचललेली नाही, कारण पलीकडच्या इमारतीतला आठवीतला एक मुलगा हल्ली रोज संध्याकाळी येऊन बसतो. त्याला राक्षस काढायचा आहे. मी त्याला सांगितले आहे, आधी चेंडू.